मत्स्यबीज केंद्राला लागून रेल्वेचा भराव येतोय, पावसाळ्याआधी काय काय करून घ्यावं?

बोटुकली | ११ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

विदर्भात आमचं छोटं मत्स्यबीज केंद्र आहे. बाबांनी १९९६ साली सुरू केलं, आता मी आणि भाऊ बघतो. कटला, रोहू, मृगळ आणि थोडा गवत्या. एक ब्रीडिंग पूल, दोन हॅचिंग पूल (यात अंडी गोल फिरत्या पाण्यात उबतात), मागे संगोपनाची तळी. पाणी नाल्यावरच्या साठवण तळ्यातून येतं. एक विहीरही आहे, पण ती आजवर घरापुरतीच वापरली.

नवीन लोहमार्गाचा भराव आमच्या साठवण तळ्यापासून अंदाजे १८० मीटरवरून जातोय, आणि तोही नाल्याच्या वरच्या अंगाला. नाल्यावर मोठी मोरी बांधणं चालू आहे. आमची जमीन संपादनात गेलेली नाही, म्हणून नोटीस नाही, मोबदला नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसानं मुरुमाचं लाल पाणी थेट तळ्यात आलं. हॅचिंग पूलमध्ये मृगळची अंडी फिरत होती. मधल्या गोल जाळीचं कापड गाळानं बसलं, पाणी वरून वाहायला लागलं आणि अंडी त्याबरोबर नालीत गेली. मी आणि भाऊ पहाटे तीनपर्यंत ब्रशनं कापड घासत होतो. एक अख्खी बॅच गेली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पाऊस आम्ही पाडला का?

रेल्वे थांबवायची नाही आहे. जूनच्या आत काय करून घ्यावं, कुणाकडे काय मागावं, आणि रोलरच्या हादऱ्यांनी खरंच अंडी मरतात का, एवढं सांगा. बाबा म्हणतात केंद्रच हलवू. त्या बोलण्यानं झोप लागत नाही.

---

रुळावर | ११ मार्च, रात्री १०:१५

ताई, तुमचं नुकसान वाईटच. पण आम्ही मराठवाड्यातले, आमच्या तीन पिढ्यांनी रेल्वेची वाट पाहिली आहे. एकेका तक्रारीनं कामं वर्षानुवर्षं अडतात. तळ्याला बांध घाला, मोटर लावा, आणि काम होऊ द्या.

---

तळ्याकाठी | ११ मार्च, रात्री १०:५२

@रुळावर, त्यांनी पहिल्याच पोस्टीत लिहिलंय की रेल्वे थांबवायची नाही. आणि बांध घालून गाळ थांबत नाही दादा, गाळ पाण्यात विरघळल्यासारखा असतो.

बोटुकलीताई, मी भंडाऱ्याचा, आमचीही हॅचरी आहे. माझा अनुभव सांगतो. शेजारच्या शेतात बोअरची गाडी दोन रात्री चालली, त्या दोन्ही रात्री माझ्या कटल्याच्या माद्यांनी अंडी सोडण्याचं संप्रेरकाचं इंजेक्शन देऊनही अंडी सोडली नाहीत. प्रजनक, म्हणजे बीजासाठी राखलेले नर-माद्या, तळ्यात उड्या मारत होते. हादऱ्यानं मासा बिथरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

---

खडीसिमेंट | १२ मार्च, सकाळी ७:३०

रेल्वेच्या मातीकामावर आणि पुलांवर माझी बावीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

हादरे: रोलरचा हादरा जमिनीत झपाट्यानं विरतो. १८० मीटरवर तो अंड्यांना त्रास देईल असं मला वाटत नाही. कटिंगमध्ये, म्हणजे टेकडी कापून मार्ग नेतात तिथं, सुरुंग असतील तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं परिपत्रक आहे, पण त्यातल्या मर्यादा इमारतींसाठी आहेत. साध्या घरांना कमी वारंवारितेत हादऱ्याचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, वारंवारिता वाढली की १० ते १५. माशांसाठी कॅनडाच्या मत्स्य खात्याची १९९८ ची मार्गदर्शिका आहे. अंडी उबत असतील त्या जागी सेकंदाला १३ मिलिमीटरच्या वर हादरा नको आणि पाण्यातल्या दाबाची लाट १०० किलोपास्कलच्या वर नको, असं ती सांगते. ती नदीच्या तळातल्या अंड्यांसाठी आहे, पण मागणीपत्रात आकडा लिहायला उपयोगी पडेल. सुरुंग असतील तर हॅचिंग पूलच्या कट्ट्यावर हादरामापक ठेवायला सांगा.

पाणी: तुमचा खरा शत्रू हा आहे. मोरीच्या पायाला पाइलिंग (जमिनीत खोल काँक्रीटचे खांब) असेल तर बेंटोनाइट वापरतात. ती इतकी बारीक माती असते की दिवसेंदिवस खाली बसत नाही. आणि काँक्रीटच्या गाड्या धुतलेलं पाणी. त्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) ११-१२ असतो. गाडी नाल्यात धुतली की संपलं.

कायदा: २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत, त्यामुळे जनसुनावणी वगैरे झालेली नसणार. पण रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १६ वाचा. मार्ग होण्याआधी शेजारच्या जमिनीत पाणी जसं मोकळं येत-जात होतं तसंच पुढेही येईल-जाईल, एवढ्या मोऱ्या आणि नाल्या करून देणं रेल्वेवर बंधनकारक आहे. कामामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी कलम १५ आहे. जमीन संपादनात गेलेली नसली तरी ही दोन्ही तुम्हाला लागू होतात. शिवाय १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ आहे, नाल्यात दूषित द्रव्य सोडायला मनाई.

आजपासून एक काम सुरू करा. काचेच्या बरणीत नाल्याचं पाणी भरा, तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि खिडकीत ओळीनं ठेवा. दर आठवड्याला एक. फोटोपेक्षा बरणी बोलते.

---

बोटुकली | १२ मार्च, दुपारी १:०५

खडीसिमेंट सर, मनापासून आभार. बरणीचं बाबांना सांगितलं, त्यांनी लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या लगेच धुवून ठेवल्या.

---

सुरमईचा तुकडा | १२ मार्च, दुपारी १:२०

लोणच्याच्या बरणीतलं पाणी बघून कुणी चुकून जेवायला घेऊ नका म्हणजे झालं :)

ताई, काळजी घ्या. वाचतोय.

---

निवृत्त मत्स्यजिरे | १२ मार्च, रात्री ८:४५

मी आयुष्यभर बीज उत्पादनाचंच काम केलं. तळ्याकाठी यांच्या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही, पण दोन रात्री अंडी न सोडण्याला दहा कारणं असू शकतात. मादी पुरती पिकलेली नव्हती, पाणी ३१ अंशांवर गेलं होतं, जाळ्यातून काढताना खवले गेले. कटला तर मुळातच नखरेल. मात्र प्रजनकांना शांतता हवी हे शंभर टक्के खरं, म्हणून नर-माद्या भरावापासून सगळ्यात लांबच्या तळ्यात आत्ताच हलवा. मे महिन्यात हलवू नका, तेव्हा त्या पोटाशी असतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्या माशांचं एक फार मोठं सुख आहे, त्यांची नाजूक वेळ छोटी असते. संध्याकाळी सातला इंजेक्शन, मध्यरात्रीच्या आसपास अंडी, पुढे २७-२८ अंशांला चौदा ते अठरा तासांत पिल्लं बाहेर. मग तीन दिवस मत्स्यजिरे, म्हणजे ही नुकती फुटलेली पिल्लं, स्वतःच्या पोटातल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. म्हणजे एका बॅचला जेमतेम चार दिवस. महासीरच्या अंड्यांना फुटायलाच तीन-चार दिवस लागतात. लोणावळ्याच्या वळवणला टाटांच्या महासीर केंद्रात ते काम बघितलंय, किती जपतात! आपल्याला संपूर्ण पावसाळा मागायचा नाही. हंगामात सात-आठ बॅचेस धरा, त्या दिवसांचं कॅलेंडर करा आणि ठेकेदाराला लेखी द्या. या तारखांना नाल्यात यंत्र उतरणार नाही, पंपानं खड्ड्यातलं पाणी नाल्यात सोडलं जाणार नाही, सुरुंग नाही. एवढं मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं, हॅचिंग पूलला विहिरीचं पाणी द्या. त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून टाकीत सोडताना फवाऱ्यातून किंवा पायऱ्यांवरून पाडा. नाल्याचं पाणी फक्त तळ्यांना.

जाता जाता: हे इंजेक्शनचं तंत्र १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी यशस्वी केलं. त्याआधी बीज म्हणजे पुराच्या नदीत जाळं लावून मिळेल ते. म्हणून १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. ताईंनी त्या दिवशी एक बॅच लावावी, माझ्याकडून पेढे.

---

मांडवी काठ | १३ मार्च, सकाळी ११:१०

गोव्याहून. कोकण रेल्वेच्या वेळी आमच्याकडे खाजन जमिनींवरून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनी) मोठं आंदोलन झालं होतं. १९९२ मध्ये गोवा फाउंडेशनची याचिका उच्च न्यायालयानं फेटाळली, पुढे मार्ग तपासायला न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला, शेवटी गाडी धावलीच. मी तेव्हा शाळेत होतो. आजोबांचं मानशीवर मासे धरायचं काम होतं. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार, भरती-ओहोटीला उघडझाप होणारं. आजोबा म्हणायचे, भराव बघू नका, त्याखालून पाणी कुठून जाणार ते बघा. तुमच्या मोरीचा तळ नाल्याच्या तळाशी जुळतोय का? तो वर असेल तर पलीकडे डबकं साचेल, आणि ते एकदम फुटून येईल.

---

दूरदेशी | १३ मार्च, रात्री ११:३०

उत्तर कॅलिफोर्नियातून लिहितेय. तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण माझ्या घरापासून तासाभरावर अगदी हीच गोष्ट घडून गेली आहे.

मक्क्लाउड नदीवर १८७२ साली लिव्हिंगस्टन स्टोन नावाच्या माणसानं सामन माशाची अंडी गोळा करणारं केंद्र सुरू केलं, अमेरिकन सरकारचं असं पहिलंच. १८८३ मध्ये खालच्या अंगाला सॅक्रामेंटोच्या दरीत रेल्वेचं काम सुरू झालं. सुरुंगांनी समुद्रातून वर येणारे मासेच अडले. १८८४ पासून काही वर्षं अंडी गोळा करणं बंद ठेवावं लागलं, १८८८ ला पुन्हा सुरू झालं. केंद्राला कुणी धक्काही लावला नव्हता, बिघडली ती वाट. ती जागा आता शास्ता धरणाच्या पाण्याखाली आहे.

कॅनडातलं तर आणखी भयंकर. फ्रेझर नदीच्या हेल्स गेट या अरुंद घळीत रेल्वेवाल्यांनी खडक नदीत लोटले, त्यावर १९१४ ला दरड आली. लाखो सामन वर चढू शकले नाहीत. माशांसाठी काँक्रीटच्या वाटा १९४५-४६ ला बांधल्या. तीस वर्षांनी! खडक लोटायला एकदोन हंगाम पुरले होते.

म्हणून सांगते, जे मागायचं ते आत्ता, मोरीचं काँक्रीट ओलं असतानाच मागा.

---

रुळावर | १४ मार्च, सकाळी ८:००

दूरदेशी, हे माहीत नव्हतं. माझी पहिली पोस्ट घाईची होती. बोटुकलीताई, माझा मेहुणा मातीकामाचे छोटे ठेके घेतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, काळ्या मातीच्या भागात पावसात रोलर चालतच नाही, चिखलात रुततो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये भरावाचं काम जवळपास बंदच असतं. गाळ येतो तो उन्हाळ्यात टाकून उघड्या सोडलेल्या मातीतून. तेव्हा मे अखेर उताराची दाबाई, पायथ्याला चर आणि चराच्या शेवटी गाळाचा खड्डा पूर्ण करून घ्या.

---

खडीसिमेंट | १४ मार्च, सकाळी ९:२५

@रुळावर, मेहुण्यांनी नेमकं बोट ठेवलं. भर घालतो. उतारावर हरळी लावणं कंत्राटात बहुतेक वेळा असतंच, पण सगळ्यात शेवटी करतात. ते तुमच्या तळ्यासमोरच्या २०० मीटरपुरतं आधी करा म्हणायचं. पायथ्याचा चर तळ्याच्या खालच्या अंगाला नेऊन सोडायचा, म्हणजे गाळ तुमच्या तोंडाशी येतच नाही.

---

निवृत्त मत्स्यजिरे | १४ मार्च, दुपारी ४:१०

पीएचबद्दल एक गोष्ट राहिली. सिमेंटच्या पाण्यानं पीएच वाढला की तळ्यातला साधा अमोनियासुद्धा विष होतो. २८ अंशांला पीएच ७ असताना शंभरात एखादा भाग विषारी रूपात असतो, ९ ला चाळीसच्या आसपास. म्हणजे शेणखत तेवढंच, मासे तेवढेच, आणि सकाळी पिल्लं वर तरंगलेली. कारण शोधत बसाल खाद्यात. पीएच कागद खिशात ठेवा. गढूळपणा बसवायला तुरटी टाकू नका, पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद मोडते. जिप्सम बरं.

---

तळ्याकाठी | १४ मार्च, रात्री ९:००

जिरेकाका, पाणी ३१ अंशांवर होतं की नाही ते मी मोजलंच नव्हतं. तरी हादऱ्याचं माझं मत कायम आहे. पण ताईंनी आधी पाणी सांभाळावं, हे पटलं.

---

वाचनमात्र | ३० मार्च, रात्री १०:०५

पुढे काय झालं? बाबांनी केंद्र हलवायचा विचार सोडला का?

---

बोटुकली | १९ मे, रात्री ८:२०

उशिराबद्दल माफ करा, प्रजनक हलवणं आणि विहिरीची नवी पाइपलाइन यात दोन महिने गेले.

एप्रिलमध्ये अर्ज दिला, कलम १५ आणि १६ चा उल्लेख करून. तीन आठवडे काही नाही. मग खिडकीतल्या बरण्यांचा फोटो जोडून पुन्हा दिला, तेव्हा साईटवरचा तरुण इंजिनिअर आला. त्याच्यासमोर भावानं मोरीजवळच्या पाण्यात पीएच कागद बुडवला. कागद निळसर हिरवा झाला, साडेनऊच्या जवळ. आमच्या तळ्यात साडेसात. तो काही बोलला नाही, पण काँक्रीटची गाडी धुवायची जागा दुसऱ्याच दिवशी नाल्यापासून लांब हलली, प्लास्टिक अंथरून खड्डा केला.

नंतर एक गोष्ट झाली. आमच्याकडे तेव्हा सायप्रिनस माशाची (कॉमन कार्प) अंडी होती, जलपर्णीच्या मुळांना चिकटलेली. मी एक मूळ बशीत पाण्यात ठेवून त्याच्या हातात दिलं आणि उन्हाकडे धरायला सांगितलं. अंड्यात दोन काळे डोळे दिसतात आणि आतला जीव मधूनच शेपटीला झटका देतो. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे सगळं यात आहे? मला वाटलं साबुदाण्यासारखं काहीतरी असेल." जाताना कॅलेंडर मागून घेऊन गेला. जिरेकाका, तुम्ही सांगितलेलं तेच, आठ बॅचेसच्या तारखा.

चर झालाय, तळ्याच्या खाली नेऊन सोडलाय. गाळाचा खड्डा अर्धा झालाय. हरळी अजून नाही, "पाऊस पडला की लावू" म्हणतात. पाऊस पडला की उतार आधी खाली येईल हे त्यांना कसं समजवावं कळत नाही. मागच्या बॅचच्या नुकसानीचा अर्ज वेगळा दिलाय, त्याला उत्तर नाही. तेव्हा पंचनामा करून घेतला नाही ही आमची मोठी चूक.

बाबा केंद्र हलवायचं बोलत नाहीत. रोज सकाळी बरण्या पुसतात.

---

सुरमईचा तुकडा | १९ मे, रात्री ८:४०

ताई, त्या इंजिनिअरला जुलैत पुन्हा बोलवा, पिल्लं पोहताना दाखवा. तो माणूस आता तुमचा.

---

रुळावर | २० मे, सकाळी ६:५०

हरळी मिळाली नाही तर तात्पुरतं गवताचं पाचट किंवा जुनी तागाची पोती उतारावर अंथरून खुंट्या मारा. मेहुणा म्हणतो पहिल्या दोन पावसांना तेवढं पुरतं. पोती मी पाठवतो, आमच्या अडतीत ढीग आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

---

दूरदेशी | २० मे, सकाळी ९:१५

हे वाचून डोळे भरून आले. रुळावर दादा, तुम्ही पोती पाठवताय!

---

बोटुकली | ४ जुलै, दुपारी १२:३०

पोती पोहोचली, एकशे वीस. गावातल्या सहा जणांनी मिळून एका दिवसात अंथरली, ठेकेदारानं खुंट्या दिल्या. २१ जूनला पहिला मोठा पाऊस झाला. उताराला दोन ठिकाणी घळी पडल्या, बाकी टिकलं. त्या दिवशीच्या बरणीत तळाला बोटाच्या पेराएवढा गाळ. मागच्या ऑगस्टची बरणी नाही, पण बाबा म्हणतात तेव्हा निम्मी भरली असती.

पहिल्या दोन बॅचेस विहिरीच्या पाण्यावर निघाल्या. कापड एकदाही बसलं नाही.

---

बोटुकली | ११ जुलै, मध्यरात्र १२:५०

जिरेकाका, पेढे तयार ठेवा. काल १० जुलैची बॅच लावली, रोहूनं साडेबाराला अंडी सोडली. भाऊ टॉर्च धरून उभा आहे, मी पाच मिनिटं ओट्यावर बसून लिहितेय.

पण मांडवी काठ यांनी मार्चमध्ये विचारलं होतं ते आज दिसलं. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी साचतंय, गुडघाभर. मोरीचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वर असावा असं वाटतंय. किती वर ते कसं मोजू? सोमवारी संयुक्त पाहणी आहे.

---

खडीसिमेंट | ११ जुलै, मध्यरात्र १:०५

जागा आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत पाणी भरा, गवंडी वापरतात तशी. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक मोरीच्या काँक्रीटच्या तळाशी पट्टीला बांधा, दुसरं वरच्या अंगाला दहा मीटरवर नाल्याच्या तळातल्या खडकावर. दोन्हीकडे पाण्याची उंची मोजा, फरक लिहा, मोजताना फोटो काढा. कलम १६ साठी तुमच्या हातात हाच आकडा हवा. मोरीचा तळ खाली कसा घेता येईल ते पाहणीत त्यांनाच विचारा. साचलेलं पाणी मात्र बॅच निघेपर्यंत एकदम सोडू देऊ नका.

---

बोटुकली | ११ जुलै, मध्यरात्र १:१२

नळी आहे घरात. पहाटे भावाला घेऊन मोजते. आत्ता अंडी हॅचिंग पूलमध्ये सोडायची वेळ झाली.